आजोबांची पिकअप: आधी आत्याची सही, मग रंग

आपल्या जुन्या गाड्यांच्या एपिसोडचं हे लिहिलेलं रूप. ऐकताना फॉर्मचे नंबर आणि नियम डोक्यात राहत नाहीत, म्हणून ते इथे नीट मांडलेत. बोलताना आलेलं 'म्हणजे कसं ना' बरंचसं गाळलंय. सगळं नाही गाळलं, नाहीतर तुम्ही ओळखणार नाही.

विषय साधा आहे. घरामागे, गोठ्याशेजारी किंवा विहिरीजवळच्या बाभळीखाली आजोबांची पिकअप उभी आहे. दहा-बारा वर्षं हललेली नाही. भंगारवाला अधूनमधून येऊन किलोवर भाव सांगून जातो. घरात कुणी म्हणतं देऊन टाका, कुणी म्हणतं राहू दे. आणि तुम्ही मोबाईलवर कुणाची तरी चकाचक केलेली गाडी बघून ठरवलंय की आपण ही परत रस्त्यावर आणायची. आणता येते. फक्त बहुतेक जण काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी रंग, मग इंजिन, आणि कागद सगळ्यात शेवटी. मग रंगवलेली, चालू होणारी गाडी तशीच बाभळीखाली उभी राहते, कारण ती कायद्याने कुणाचीच नसते.

आधी गाडी कुठली ते बघू. महाराष्ट्रात 'आजोबांची पिकअप' म्हटलं की साधारण तीन घराणी निघतात. पहिलं महिंद्राचं, म्हणजे जीपच्या पोटातून आलेल्या पिकअप. दुसरी मॅटाडोर, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो ना, तो शब्द या कंपनीच्या नावातून आलाय, आणि कंपनीने तो हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याकडून घेतला होता. जर्मनीत हे नाव विस्मरणात गेलं असेल, आपल्याकडे मात्र कांद्याच्या प्रत्येक लिलावात ऐकू येतं. हीच बजाज टेम्पो २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. तिसरी टाटाची. टेल्कोने १९८८ मध्ये पुण्यातून टाटामोबाईल २०६ आणली, पुढे २०७ आली. याच टाटामोबाईलच्या सांगाड्यावर १९९१ ची सिएरा उभी राहिली. त्यामुळे सिएराच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी घरातल्या २०७ कडे एकदा मानाने बघायला हरकत नाही, चुलत बहीणच आहे ती.

तिन्ही घराण्यांचं एक चांगलं आहे. इंजिन साधी यांत्रिक डिझेल, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. गावातला मुरलेला मिस्त्री कानाने दुखणं सांगतो. यांत्रिक सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरलात तर बरेच मिळतात. अडतं ते पत्र्याच्या भागांवर, म्हणजे दार, बॉनेट, दिव्यांच्या चौकटी. म्हणून वाकलेलं दार फेकू नका. वाकलेलं सरळ होतं, फेकलेलं परत येत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते ना?"

नाही. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचा वाद आपण बातम्यांत ऐकतो, आणि तोच नियम सगळ्या देशाचा आहे असं गृहीत धरतो. महाराष्ट्रात खासगी मालकीच्या गाडीवर अशी सरसकट वयाची बंदी नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे न वाढवण्याचा जो नियम आला, तो सरकारी मालकीच्या गाड्यांसाठी. तुमच्या पिकअपची परीक्षा वयाची नाही, तब्येतीची आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी असेल तर पहिली पंधरा वर्षं संपल्यावर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, फॉर्म २५ भरून. पिवळ्या पाटीची मालवाहू असेल तर फिटनेस सर्टिफिकेट, आठ वर्षांनंतर दरवर्षी. त्यावर हरित कर वेगळा. जुन्या गाड्यांची फी गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढलीय, तेव्हा आकडा मित्राला विचारू नका, परिवहनच्या पोर्टलवर त्या दिवशी बघा.

आणि एक गोष्ट नीट ऐका. मालवाहू गाडीचं फिटनेस संपलेलं असेल तर कायद्याच्या नजरेत तिची नोंदणीच वैध नसते. म्हणजे 'जरा पेट्रोलपंपापर्यंत' सुद्धा नाही. गॅरेजला न्यायची तर दुसऱ्या गाडीवर चढवून न्या.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "मग व्हिंटेजमध्ये नोंदवू!" २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले, हे खरं. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर २०,००० रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण ते नियम दुचाकी आणि एम-वन वर्गातल्या चारचाकींसाठी आहेत. एम-वन म्हणजे माणसं नेणारी गाडी, मोटार. पिकअप येते एन-वन वर्गात, माल नेणारी. म्हणजे शेठजींची फियाट व्हिंटेज होऊ शकते आणि तिच्या शेजारी उभी असलेली, तेवढीच जुनी, अख्खं घर ओढलेली मालगाडी होऊ शकत नाही. मला हा नियम पटत नाही. आपल्या रस्त्यांचा इतिहास निम्म्याहून जास्त मालगाड्यांनी लिहिलाय. पण आज नियम असा आहे, आणि तुमच्या पिकअपला सरळ रस्त्यानेच, म्हणजे फिटनेस पास करूनच, परत यायचंय.

आता आत्या.

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा गेलेत. नियम असा की मालक गेल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव चढवायचा अर्ज करायचा. घरात दुःख असताना हे कुणाला सुचतं? म्हणून बहुतेक घरांत गाडी वर्षानुवर्षं आजोबांच्याच नावावर राहते. उशिराने अर्ज करता येतो, दंड भरावा लागतो. पण अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. आणि वारस म्हणजे फक्त बाबा आणि काका नव्हेत. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आजी, मुलगे आणि मुली, सगळे बरोबरीचे वारस. म्हणजे लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी गेलेली आत्यासुद्धा. बाबा हयात नसतील तर त्यांच्या हिश्शाने तुम्ही, तुमची भावंडं आणि आई. पिकअपची किंमत भंगाराइतकी असली तरी सही सगळ्यांची लागते.

यात दोन गोष्टी होतात. एक, ज्या घरात जमिनीवरून अबोला आहे तिथे गाडीच्या कागदावर सही मागितली की "आधी त्या बांधाचं बोला" असं उत्तर येतं. त्यावर आपल्या पॉडकास्टकडे उपाय नाही! पण हे पैसे खर्च करायच्या आधी कळलेलं बरं. दोन, गाडी ठीक झाली, किंमत चढली, की वाटेकरी आठवतात. म्हणून सह्या गाडी भंगार दिसत असतानाच घ्या. यात लबाडी काही नाही. उलट सगळ्यांना समोर सांगा की मी एवढा खर्च करणार आहे, नाव माझ्यावर चढणार आहे, चालेल का? आत्याकडे स्वतः जा, फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. आणि जाताना गाडीचा जुना फोटो घेऊन जा. बऱ्याचदा त्या हौद्यात बसून ती जेजुरीला गेलेली असते.

दुसरी अडचण आरसीवरच्या कर्जाच्या बोज्याची. आजोबांनी गाडी पतसंस्थेच्या कर्जावर घेतली, हप्ते फेडले, पण आरसीवरचा बोजा उतरवला नाही. त्यासाठी संस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. आता ती पतसंस्था एकतर दुसरीत विलीन झालेली, नाहीतर अवसायनात गेलेली. मग सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातून अवसायक कोण ते शोधा. वेळ जातो, काम होतं. कर्जफेडीची जुनी पावती कपाटात सापडली तर सोनंच समजा.

तिसरी अडचण जुन्या वहीच्या आरसीची. ती ऑनलाइन दिसतच नाही, कारण नोंद वाहन प्रणालीत चढलेलीच नसते. आरटीओत त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात, मूळ पुस्तक दाखवून ती करून घ्यावी लागते. आणि थकलेला कर. 'गाडी उभीच होती' हे कारण आपोआप चालत नाही. वापरात नसल्याचं तेव्हाच लेखी कळवलेलं असावं लागतं. थकबाकी किती ते पहिल्याच फेरीत विचारा, कारण कधीकधी त्या आकड्यावरच निर्णय होतो.

हे सगळं बघून भंगारातच द्यायचं ठरलं, तरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला चावी देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, नवी गाडी घेताना करात सवलत मिळते आणि आरसी रद्द होते. आरसी जिवंत राहिली आणि ती गाडी किंवा तिचा नंबर उद्या कुठल्या भानगडीत सापडला, तर पोलिस भंगारवाल्याच्या आधी तुमच्या दारात येतील.

चला, कागद मार्गी लागले असं धरू. आता हात काळे करू.

गाडीला मिस्त्रीचा हात लागायच्या आधी चेसिस नंबर शोधा. तो सांगाड्याच्या पट्टीवर ठोकलेला असतो, गंजाखाली किंवा ग्रीसच्या थराखाली. तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसं. त्याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. इंजिन नंबरचाही काढा, फोटो काढा. मग त्या जागेवर टेप लावा आणि सगळ्यांना बजावून ठेवा की इथे ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग नाही. आकडे एकदा घासले गेले की कायद्यासाठी गाडीची ओळख गेली. मग रंग कितीही सुंदर असो.

गंज कुठे शोधायचा? आजोबा काय माल वाहायचे ते आधी विचारा. रासायनिक खताची पोती वाहिलेल्या गाडीचा हौदा कोपऱ्यांतून आणि तळाच्या सांध्यांतून खाल्लेला असतो, कारण खत म्हणजे क्षारच, आणि ते ओलावा धरून ठेवतं. मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या कोकणातल्या गाडीत खारं पाणी हौद्यातून थेट चेसिसच्या पट्टीत उतरतं, तिथे वरून काही दिसत नाही. दुधाच्या कॅन वाहणारी त्या मानाने बरी निघते, पण रोज धुतल्यामुळे फाळक्याच्या बिजागऱ्या गेलेल्या असतात. ऊस-कांद्याच्या गाडीत गंज कमी, पण पाटे बसलेले आणि चेसिसला तडे, विशेषतः पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ. केबिनमध्ये पायाखालचं रबरी मॅट उचला. त्याखाली जमीन दिसली तर दचकू नका, हे फार कॉमन आहे.

लहान हातोडीने ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. हे तुम्ही स्वतः करा, रविवारची सकाळ पुरते. केबिन आणि हौद्याचा पत्रा कापून नवा लावता येतो. चेसिसच्या पट्टीला आरपार भोकं असतील तर तिथे थांबून विचार करा. वेल्डिंग कुणाकडूनही करून घ्यायची ती जागा नाही, ट्रकच्या चेसिसचं काम करणाराच बघा. आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, डिझेलची टाकी उतरवा. साधी गोष्ट आहे, पण घाईत हीच राहते.

पेंटरबद्दल एक सूचना. गंज न कापता वरून लांबी भरून देणारे भेटतील. लांबी ही खवले सपाट करायला असते, दोन-तीन मिलिमीटरची. भोक बुजवायला नाही. एका पावसाळ्यात तिला फुगवटा येतो. पत्रा उघडा असताना रोज फोटो मागवा. चांगला कारागीर आनंदाने पाठवतो.

इंजिन. सगळ्यात मोठा मोह इथे. "बॅटरी लावू, सेल्फ मारून तर बघू!" नका मारू. बारा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात, हेड गॅस्केटमधून पाणी आत उतरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सेल्फच्या झटक्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हजारांतलं काम लाखाकडे जातं. ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकणं तर त्याहून वाईट.

आधी एअर फिल्टर आणि बॉनेटखालचा भाग बघा. उंदरांनी घरटं केलेलं असतं, वायरिंग कुरतडलेलं असतं. अशा वायरिंगला बॅटरी जोडणं म्हणजे आगीला बोलावणं. मग टाकीतलं डिझेल पूर्ण काढा. जुन्या डिझेलच्या तळाशी पाणी साचतं आणि त्या सीमेवर काळपट चिकट गाळ धरतो. तो पंपात गेला तर पंपवाल्याचं बिल तुमचं. टाकी धुवा, फिल्टर नवे घाला, रबरी नळ्या सगळ्या बदला. हीटर प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, सावकाश फिरवा. पूर्ण दोन फेरे अडथळ्याविना झाले, तर अर्धी लढाई जिंकलात. अडलं तर जोर करू नका, हेड उघडायची वेळ आली.

फिरलं तर ऑइल बदला (निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय), लाइनमधली एअर काढा, आणि डिझेल बंद ठेवून थोडं फिरवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्रेशर येऊ द्या. मगच स्टार्ट. आणि पहिल्या स्टार्टच्या वेळी हवेच्या तोंडाजवळ एक सपाट लाकडी फळी घेऊन माणूस उभा करा. जुन्या पंपाचा रॅक अडकला तर डिझेल इंजिन किल्ली काढूनही थांबत नाही, वेग वाढतच जातो. हवा तोडली की थांबतं. फळीने तोडायची, हाताने कधीच नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात, कारण यात मत नाहीच. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, नळ्या, लायनर, सगळं उघडायचं, रबर सगळं नवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून गंज चढवतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा. टायरची जाडी चांगली दिसली तरी कडेवरचे चार आकडे वाचा. '२३१२' म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर झोपाळ्याला बांधा, गाडीला नको.

मागे जादा पाटे टाकलेले असतील, ते काढा. आजोबांना ते ओव्हरलोडसाठी लागायचे. तुम्ही टन-दीड टन कांदा भरणार नसाल तर ते फक्त कंबर मोडतात.

पीयूसीत अशा जुन्या डिझेलचा धूर मोजतात, मर्यादा ६५ एचएसयू. काळा धूर आला तर नोझल आणि पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे न्या. लायसन्सचं विचाराल तर हलक्या मोटार वाहनाचं तुमचं नेहमीचं लायसन्स पुरतं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिटही लागत नाही.

रील बघून काहींच्या डोक्यात दुसरं इंजिन, उंच सस्पेन्शन, कापलेलं छप्पर असं काहीबाही असेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मध्ये येतं. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. रंग बदलायचा तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो. मूळ रंग शोधायचा असेल तर सीटच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं.

रंगायला द्यायच्या आधी एक काम. केबिनच्या कपाळावर आणि फाळक्यावर पेंटरने हाताने लिहिलेली अक्षरं असतील, कुलदैवताचं नाव, गावाचं नाव, कदाचित तुमच्या बाबांचं किंवा आत्याचं लहानपणीचं नाव. त्यावर ट्रेसिंग पेपर लावून मापासकट उतरवून घ्या, रंगांचा फोटो घ्या. स्टिकर कापणाऱ्या मशीनची अक्षरं तशी येत नाहीत. हाताने लिहिणारा पेंटर अजून तालुक्याच्या गावात सापडतो, त्याला तो कागद द्या. आणि फाळक्यावरचा एखादा जुना पोचा तसाच ठेवायचा की काढायचा, हे पेंटरवर सोडू नका, घरात विचारा. काही पोच्यांची गोष्ट आजीला माहीत असते.

शेवटचं. नाव चढवायला आरटीओत जाल तेव्हा त्याच फेरीत आरसीवर नॉमिनीचं नावही घाला. २०२१ पासून ही सोय आहे. तुमच्यानंतर ही पिकअप ज्याच्याकडे जाणार, त्याच्या आत्याकडच्या फेऱ्या वाचतील. तसं आत्याला भेटायला जायला कारण कशाला लागतं म्हणा!